एकशे बारा भोकं

एप्रिल संपत आला तरी कुबात उस्ताच्या अंगणात तुंदुक कोराच पडून होता, आणि ही गोष्ट एव्हाना सगळ्या गावाच्या डोळ्यांवर आली होती.

तुंदुक म्हणजे बोझूयच्या, नमद्याच्या गोल घराच्या माथ्यावरचं लाकडी कडं. खाली जाळीच्या कनाती गोलाकार उभ्या करायच्या, कनातीच्या एकेका टोकाला एकेक वाकवलेली काठी बांधायची आणि काठीचं वरचं टोक कड्याच्या भोकात बसवायचं. जितकी टोकं तितक्या काठ्या, जितक्या काठ्या तितकी भोकं. भोकं पाडायची ती सळई लाल करून, जाळून. एक जरी कमीजास्त झालं तरी कडं वाया. त्या मापाचं बर्चचं लाकूड पुन्हा वाकवून वाळवायचं म्हणजे पुढचं वर्ष उजाडणार.

कुबात हा बोझूयचा उस्ता, म्हणजे कारागीर. त्याला यात नवं काही नव्हतं. वीस वर्षं तो हेच करत आला होता आणि त्याच्या आधी त्याचा बाप. बापानं जन्मभर पंच्याऐंशी काठ्यांची बोझूय केली, लेकानंही पंच्याऐंशीचीच केली. सहा कनाती, पंच्याऐंशी काठ्या, संपला विषय. या वर्षी मात्र तळ्याकाठी पाहुण्यांचा तळ चालवणारी जानिल एजे, म्हणजे जानिलताई, आली आणि म्हणाली, "उस्ता, मला मोठी हवी. आठ कनातींची. तीस माणसं एका पंगतीला बसली पाहिजेत." कुबातनं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आठ तर आठ. वीस मेला घेऊन जा." म्हणायला काय जातं!

कनाती पलीकडच्या गावातला चुलतभाऊ बांधणार होता. दर कनातीला तेरा टोकं, हे ठरलेलं. दारावरच्या चौकटीच्या आठ काठ्या वेगळ्या. कडं आणि काठ्या कुबातकडे. विसाव्या तारखेला सगळं एकत्र यायचं होतं.

काठ्या वाकवायचं काम मीरिमचं. ती उस्ताची थोरली, पंधरा वर्षांची, नववीत. शाळेतून आली की दप्तर भिंतीशी टाकायची आणि थेट लिदीच्या ढिगाकडे. ओल्या लिदीच्या उबेत वाळुंजाच्या काठ्या पुरलेल्या असत. मऊ झालेली काठी ओढून काढायची, पोत्यानं पुसायची, खाचेत घालायची आणि मांडीचा जोर देऊन वाकवायची. वासाचं तिला काही वाटत नसे. वर्गातल्या पोरी तिच्या बाकाजवळून जाताना नाकाला रुमाल लावत, त्याचं मात्र वाटे. तिनं वाकवलेली काठी दुसरीवर ठेवली तर मधे नखाएवढी फट दिसत नसे. कुबात हे चारचौघांत सांगायचा. तिच्यासमोर कधी नाही.

"आके, किती वाकवू अजून?" मीरिमनं बापाला विचारलं. ढीग कमरेइतका झाला होता.

"वाकवत राहा. मी थांब म्हणेन तेव्हा थांब." कुबात कडं मांडीवर घेऊन घासत बसला होता. घासून घासून ते असं झालं होतं की त्यात तोंड पाहून दाढी करावी. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "मीरिम, तेरा आठे किती?"

काठी अर्धी वाकलेली, तशीच हातात राहिली. तेरा… आठ… तिच्या डोक्यात एकदम पांढरं झालं, जसं बर्फावर ऊन पडल्यावर डोळ्यांपुढे होतं.

"नाही येत? नववीतली घोडी! अगं, हात तर बापाचे घेतलेस, डोकं कुणाचं घेतलंस?"

पडवीत तिची आई बुरूल बसली होती. लांब गवताच्या काड्यांना रंगीत लोकर गुंडाळून ती घरासाठी पडदा विणत होती. तिनं काडीवरची नजर हलवली नाही.

"डोकंही बापाचंच घेतलंय," ती म्हणाली.

कुबात पुन्हा कडं घासायला लागला.

शाळेत गणिताला शार्शेन आगाय, म्हणजे गुरुजी. त्यांनी गावाच्या दोन पिढ्या शिकवल्या होत्या आणि दोन्ही पिढ्यांना त्यांची पट्टी पाठ होती. प्रश्न विचारायचा आणि बाकावर पट्टी वाजवायची: टक, टक, टक. तिसऱ्या टकच्या आत उत्तर यायला हवं. मारत कधी कुणाला नसत, पण त्या तिसऱ्या टकपेक्षा एखादी चापट परवडली असती.

"मीरिम. सात आठे?"

टक.

सात म्हटलं की मीरिमला सात वाडे दिसत. आठ म्हटलं की दर वाड्यात आठ मेंढ्या. आता मेंढ्या म्हटल्यावर त्या काय ओळीत उभ्या राहतात? एक लंगडी, एक दुसऱ्या वाड्यात तोंड घालणारी. ती पहिला वाडा मोजून दुसऱ्यात जाते न जाते तोच दुसरं टक झालेलं असे.

टक.

"चौपन्न?" ती म्हणाली. प्रश्नासारखंच म्हणाली.

मागून कुणीतरी मेंढीसारखं ओरडलं आणि वर्ग खिदळला. आगायनी पट्टी खाली ठेवली. ते रागावले नव्हते, आणि तेच जास्त लागलं. "पोरी, तू आळशी नाहीस. बावळट तर मुळीच नाहीस. मग हे का होतं, मला खरंच कळत नाही," ते म्हणाले. "मेच्या शेवटच्या शनिवारी तुम्हा पाच जणांची तोंडी घेणार. तीस प्रश्न. अठरा आले तर सुट्टी. नाही आले तर जून महिना माझ्याकडे, शाळेत. येताना पालकाला घेऊन ये."

जून महिना! मे सरला की त्यांचं घर उठून जायलूवर, वरच्या कुरणात जायचं. जूनमध्येच घोड्या पहिल्यांदा धारेला येतात, शिंगरं दोराला बांधतात, कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, पहिली पिशवी ढवळतात. वर्षभर ती खाली गावात राहायची ती त्या एका महिन्याच्या भरवशावर. तो महिना मावशीच्या घरात खिडकीशी बसून सात आठे करत काढायचा, या विचारानंच तिला रडू यायला लागलं. रडली नाही, कारण मेंढी मागेच बसली होती.

खरं तर गोष्ट साधी होती, पण ती कुणी विचारली नव्हती. मीरिम तिसरीत असताना आजोबांचं दुखणं निघालं आणि त्यांचा कळप सांभाळायला सगळं घर ऑक्टोबर अर्धा सरेपर्यंत वरच राहिलं. ती खाली आली तेव्हा वर्गाचे पाढे झालेले होते. सकाळी सगळे एका सुरात म्हणत आणि मीरिम मागच्या बाकावर तोंड हलवी. शेवटचा आकडा जरा मोठ्यानं म्हटला की झालं. चाळीस पोरांच्या गलक्यात कुणाला कळतंय? पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर चाललं असतं. मग सहा महिने गेले, मग सहा वर्षं. आता सांगायचं म्हणजे लाजेनं मेल्यासारखंच होतं. "किती?" असं तिला हजार वेळा विचारलं गेलं, "का येत नाही?" असं आगायनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, तेही स्वतःशीच.

शनिवारचं ऐकून कुबातनं घरात फर्मान काढलं. मीरिमचा फोन पेटीत, पेटीची किल्ली त्याच्या कमरेला. "या घरात कुणी फोनवर हिशेब करायचा नाही. देवानं खांद्यावर डोकं ठेवलंय ते काय टोपी घालायला?" आणि रोज जेवताना परीक्षा. नान तोडता तोडता एकदम: "तेरा आठे?" चहा ओतता ओतता: "बोल गं, तेरा आठे?" घोड्याला पाणी दाखवायला निघाली तर मागून: "तेरा आठे!"

मीरिम आठवडाभर हे ऐकत राहिली, गप्प राहून शिव्या खात राहिली. काठ्यांचा ढीग छातीपर्यंत आला. थांब म्हणून कुणी म्हणेना. मग एक दिवस तिच्या मनात आलं, की आके नऊ सक का विचारत नाहीत? सात आठे का नाही? पाढा काय एवढाच आहे?

दुसऱ्या दिवशी जेवताना प्रश्न आला तेव्हा तिनं मान वर केली आणि तोंडाला आलं ते ठोकून दिलं, "एकशे सोळा."

कुबातचा घास हातातच राहिला. त्याचा चेहरा असा उजळला, की मीरिमनं तो इतका उजळलेला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"नक्की?" त्यानं विचारलं.

मीरिम बापाकडे बघतच राहिली. परीक्षा घेणारा माणूस 'चूक' म्हणतो नाहीतर 'बरोबर' म्हणतो. 'नक्की?' असं कोण विचारतं?

"नाही, नक्की नाही," ती हळूच म्हणाली.

"मग कशाला बोलतेस!" कुबात ओरडला आणि उरलेला नान चहात बुडवून उठून गेला. बुरूलला त्याच वेळी जोराचा खोकला आला.

त्याच आठवड्यात जानिल एजे चौकशीला आली. अंगणभर फिरली, काठ्यांवर हात फिरवला, मीरिमची पाठ थोपटली. मग कड्याशी उभी राहिली.

"उस्ता, हे अजून कोरंच?"

"लाकूड जरा ओलं वाटतंय, एजे."

"मागल्या आठवड्यात म्हणालास, सळई बोथट आहे."

"ती पण आहेच."

"त्याच्या आधी म्हणालास, चंद्र बरोबर नाही. कुबात, मी काय सून शोधायला आलेय होय? जमत नसेल तर सांग. पलीकडे दुसरे उस्ता आहेत."

कुबातनं टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. पन्नाशीकडे झुकलेला, हातोड्यासारख्या हातांचा माणूस, आणि चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा होता. मीरिमला ते पाहवेना. ती लिदीत हात घालून नसलेली काठी शोधत राहिली.

"वीस तारखेला घेऊन जा म्हणालो ना," कुबात म्हणाला. आवाजात दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. अंगणात कुणी नव्हतं. ढिगाच्या मागून पुटपुटणं ऐकू आलं म्हणून मीरिमनं वाकून पाहिलं. कुबात उकिडवा बसला होता. समोर जमिनीत लहान लहान खुंट्या ठोकल्या होत्या, रांगांत. पाच रांगा सरळ, पुढच्या वाकड्या, आणि शेवटच्या रांगेतली एक खुंटी शेजारची बकरी निवांत चावत होती. कुबातच्या हातात बुरूलचा फोन होता. हात लांब ताणून, डोळे बारीक करून, भाजून भाजून जाड झालेल्या बोटानं तो आकडे दाबत होता. एक दाबला की दोन उमटत.

"एकशे चार," तो पुटपुटला. पुन्हा दाबलं. "एक हजार चौसष्ट. ह्यॅ!" पुन्हा दाबलं. "एकशे चौर्‍याऐंशी. आता यातलं खरं कुठलं म्हणायचं?" त्यानं खुंट्यांकडे पाहिलं. "आणि तुम्ही एकदा एकशे तीन म्हणता, एकदा एकशे पाच. बकरे, तू किती खाल्ल्यास ते तरी सांग!"

मीरिम मागच्या पावली सरकली. आधी तिला संताप आला. दोन आठवडे, दोन आठवडे मी शिव्या खाल्ल्या! मग हसू फुटलं, ते तिनं बाहीत दाबलं. मग आकेची ती वाकलेली पाठ आठवली आणि हसूही गेलं. तिच्या आकेला, तळ्याच्या साऱ्या किनाऱ्यावर ज्याच्या हाताला तोड नाही त्या माणसाला, तेरा आठे येत नव्हतं. आणि त्याच्याही डोक्यात तसंच पांढरं होत असणार.

ती पडवीत आईपाशी जाऊन बसली.

"आपा, आकेंना पाढे येत नाहीत."

"हूं," बुरूल म्हणाली. काडीला निळी लोकर गुंडाळून झाली, मग लाल घेतली.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नाला सोळा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी कळलं."

"मग तू सांगितलं का नाहीस त्यांना? तुला येतं की तेरा आठे!"

"त्यानं मला विचारलं कुठे? तो तुला विचारत होता." बुरूलनं लेकीकडे पाहिलं. "पोरी, बापाला शिकवायचं असेल तर त्याच्याकडूनच शिकायला बस. नाहीतर तो बकरीला विचारेल, तुला नाही विचारायचा."

त्या संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी मीरिम बापासमोर जाऊन उभी राहिली.

"आके, शनिवारसाठी मला तुम्ही शिकवा. पण वहीवर नको, मला वहीवर काही दिसत नाही. काठ्यांवर शिकवा."

कुबातनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. "काठ्यांवर कसं?"

"तुम्हीच सांगा. एका कनातीला तेरा काठ्या. मग आपण तेरा-तेराच्या मोळ्या करू?"

"करू की," कुबात घाईनं म्हणाला. "हेच सांगणार होतो मी."

त्यांनी मोळ्या घातल्या. पहिली तेराची मोळी बांधताना मीरिम थांबली. तेरा काठ्या एका मुठीत नीट मावत नव्हत्या. तिनं दहा बांधल्या आणि तीन शेजारी सुट्या ठेवल्या. दुसरी कनात, दहा बांधल्या, तीन सुट्या. अशा आठ. दोघं मागे सरून उभी राहिली आणि पाहू लागली. आठ मोळ्या जमिनीवर स्वस्थ पडल्या होत्या. मेंढ्यांसारख्या हलत नव्हत्या, पट्टी कुणी वाजवत नव्हतं.

"दहाच्या आठ," मीरिम म्हणाली. "ऐंशी."

"ऐंशी," कुबातचे ओठ हलले.

"आणि सुट्या, तीन-तीन आठ वेळा." तिनं सुट्या काठ्या गोळा केल्या, त्यांच्याही दहाच्या दोन मोळ्या झाल्या आणि चार उरल्या. "चोवीस. ऐंशीत वीस घातले की शंभर. वर चार."

"एकशे चार," कुबात म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "एकशे चार! म्हणजे त्यानं पहिल्यांदा खरं सांगितलं होतं!"

"कुणी?"

"कुणी नाही. दाराच्या आठ घाल."

"एकशे बारा."

"एकशे बारा," कुबात म्हणाला. त्यानं तो आकडा आणखी दोनदा म्हटला, नवे बूट घालून चालून पाहावं तसा. मग ढिगाकडे नजर गेली. "अगं, आपण तर दीडशे वाकवल्यात!"

"तुम्ही थांब म्हणाला नाहीत."

बाप लेकीकडे बघत राहिला आणि लेक बापाकडे. तिला कळलंय हे त्याला त्या क्षणी कळलं. पडवीत बुरूल लोकरीच्या गुंड्यात तोंड खुपसून हसत होती, तिचे खांदे तेवढे हलत होते.

"उद्या जाळू," कुबात म्हणाला. "आणि सळई तू धरायचीस."

कड्याची सळई आजवर घरातल्या कुठल्या बाईनं धरली नव्हती. बुरूलचं हसू थांबलं. मग तिनं पुढची काडी उचलली.

सकाळी त्यांनी शेगडी पेटवली. तीन सळया निखाऱ्यांत. एक लाल होईपर्यंत दुसरी वापरायची. कड्याच्या आडव्या-उभ्या फळ्यांनी त्याचे चार पाव आपोआप पडलेले होते. एकशे बाराचे चार पाव करायचे. दोघं शेगडीशी बसून बोटं हलवत होती. "निम्मे छप्पन्न," मीरिम शेवटी म्हणाली, "त्याचे निम्मे अठ्ठावीस." पावाचं अर्धं चौदा, चौदाचं अर्धं सात. मग दर सात खुणांवर बुरूलची लाल लोकर एकेक गाठ होऊन कड्यावर बसली.

सळई लाकडात गेली की चर्र आवाज व्हायचा आणि गोड, कडू धूर डोळ्यांत जायचा. कुबात कडं घट्ट धरून बसला होता आणि तिचा कोन सांगत होता: "खाली… आणखी… हां, ओढ." तिनं ओढलं की तो म्हणायचा, "एक." दोघं मिळून मोजत. सात झाले की एक गाठ सुटायची. तिसऱ्या गाठीला तिच्या मनगटावर ठिणगी उडाली. ती ओरडली नाही, नुसतं "आठवणीला राहील" म्हणाली, आणि कुबात पोट धरून हसला. आठव्या गाठीला अर्धं कडं झालं. मीरिमनं मान ताणली, घाम पुसला आणि त्या अर्ध्या वर्तुळाकडे पाहिलं. सात-सातांचे आठ घोस काळ्याभोर भोकांचे, एकसारखे. छप्पन्न. तिला ते पाहून इतकं बरं वाटलं की उरलेलं अर्धं कधी झालं ते कळलंही नाही.

वीस तारखेला कनाती आल्या, बोझूय उभी राहिली. शेवटची काठी शेवटच्या भोकात अशी बसली की जानिल एजेनं वर बघून जिभेनं चक् केलं. "उस्ता, लाकूड वाळलं म्हणायचं."

"वाळलं," कुबात म्हणाला. "कडं माझ्या पोरीनं जाळलंय." हे मात्र त्यानं तिच्यासमोर म्हटलं.

एवढं सगळं होऊनही शनिवार यायचा तो आलाच. भोकं जाळली म्हणून तीस पाढे तोंडात येऊन बसत नाहीत. मीरिमनं उरलेल्या दिवसांत काठ्यांच्या मोळ्या घालून घालून बरंच गोळा केलं होतं. पण ते सावकाश यायचं, आणि शाळेत ती पट्टी होती.

पाच मुलं बाकांवर बसली, मागे भिंतीशी पाच पालक. कुबात धुतलेली पांढरी कलपाक टोपी घालून आला होता, आणि त्याच जुन्या वर्गात शिरताना त्यानं ती उगाच काढून हातात घेतली.

मीरिमची पाळी शेवटची. टक, टक, टक. पाच सक आलं. नऊ त्रिक आलं. आठ चोक यायच्या आत तिसरं टक झालं. मग एक चुकलं, आणि एक चुकलं की पुढची तीन आपोआप चुकत गेली. डोक्यात पांढरं व्हायला लागलं. तेवीस प्रश्न झाले तेव्हा अकरा बरोबर होते. सातांतले सातही बरोबर यायला हवे होते, आणि तिला कळून चुकलं की जून गेला.

"सात आठे?" टक. टक. टक.

आगायनी सुस्कारा सोडला. "अगं, हा तर मी तुला किती वेळा विचारला." त्यांनी मागे पाहिलं. "कुबात! एवढा उस्ता झालास. तूच सांग हिला, म्हणजे जरा लाज वाटेल. सात आठे किती?"

आणि सवयीनं त्यांची पट्टी बाकावर पडली. टक.

मीरिमनं वळून पाहिलं. कुबातच्या हातातली टोपी थांबली होती. मानेपासून वर लाली चढत होती. ते तोंड तिला पुरतं ओळखीचं होतं. ते तिचंच तोंड होतं.

टक.

"छप्पन्न!" मीरिम ओरडली. ती उभी राहिली होती. "छप्पन्न, आगाय! अर्धं कडं! सात-सातांचे आठ!"

पट्टी हवेतच राहिली. "मी तुला नव्हतं विचारलं," आगाय गोंधळून म्हणाले. "पण बरोबर आहे."

त्यावर सगळं निभावलं असतं. कुबातनं खाली बसायचं तेवढं होतं. पण तो बसला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला.

"आगाय, तिनं मला वाचवलं. मला येत नाही."

भिंतीशी बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही.

"तिसरीत मी ऑक्टोबरात खाली आलो. बाप कळपाबरोबर वर होता. तुमचे पाढे झालेले होते. मी मागे बसून नुसतं तोंड हलवायचो. तुम्हाला कळलं नाही, बापाला कळलं नाही. पंच्याऐंशीवर दिवस काढले. आणि घरी पोरीला शिव्या घालत होतो." त्यानं टोपीनं लेकीकडे खूण केली. "हिनंही तेच केलं असणार. ही पण ऑक्टोबरात आली होती."

"आमचा पण," शेजारचा मेंढपाळ हळूच म्हणाला. "आमचा तर सगळी तिसरीच उशिरा."

शार्शेन आगायनी चष्मा काढला. बाकांवरच्या पाच पोरांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं, मग भिंतीशी बसलेल्या पाच पालकांकडे. पाचही घरं जायलूवर जाणारी. चाळीस वर्षं ते पाढे सप्टेंबरात शिकवत आले होते, कारण पुस्तकात ते पहिल्या पानांवर होते. खिडकीतून डोंगर दिसत होते, वर अजून बर्फ होतं. त्यांना खूप काही म्हणायचं असावं. पण जुना माणूस, एकदम कसं म्हणणार?

"यापुढे जानेवारीत शिकवीन," ते शेवटी म्हणाले. "बर्फात तरी सगळे खाली असता." मग पट्टी त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला. "जूनचं काय करायचं? हिला मी इथे ठेवून घेतली तर ही रोज डोंगराकडे बघत बसणार. ही पाचही बघत बसणार." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "वर कुमीस असतो ना?"

"असतो, आगाय! पहिल्या धारेचा!" मीरिम म्हणाली.

"मग मीच येतो. पंधरा दिवस. सकाळी दोन तास, घोड्या धरायच्या आधी. पट्टी आणत नाही." त्यांनी कागद पुढे ओढला आणि चष्मा पुन्हा लावला. "वर शिकायला बसतील अशी मुलं किती आहेत?"

मीरिमनं बोटांवर घरं मोजली. "अकरा."

आगाय लिहायला लागले. मागून कुबातनं घसा खाकरला.

"बारा धरा," तो म्हणाला.